कॅम्प संपतो केव्हा?

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, केशोरी हे मिरचीसाठी ओळखले जाणारे बाजाराचे गाव आहे. भोवती धानाच्या बांध्या, बांध्यांना पाणी पाजणारी तळी आणि बोड्या, त्यापलीकडे जंगल, आणि जंगल ओलांडले की गडचिरोली जिल्हा. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा मुलूख आडवाटेचा वाटेल. पण परक्या प्रदेशातून आलेल्या माणसांना सरकारने कसे वसवले, आणि वसवल्यावर त्यांचे काय झाले, हे शेजारीशेजारी ठेवून पाहायचे असेल तर महाराष्ट्रात यापेक्षा सोयीची जागा सापडणे कठीण. केशोरीच्या जवळ, गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणालगत गोठणगावला १९७२ सालापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, दिनकरनगर, पुष्पनगर अशी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे आहेत. दोन्ही समूहांना लोक अजूनही ‘कॅम्प’वाले म्हणूनच ओळखतात. पाऊस तोच, माती तीच, तहसील कार्यालय तेच. वेगळी होती ती सरकारने त्यांना दिलेली मदत, आणि त्याहून वेगळा होता कायद्याने त्यांना दिलेला दर्जा. या दोन वसाहतींकडे नीट पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. नवागताला आधार किती दिला यापेक्षा तो आधार कोणत्या क्रमाने दिला आणि तो कुठे जाऊन संपला, याने त्याचे पुढचे आयुष्य ठरते. आपल्याकडे हा क्रम दोन्ही वेळा चुकला, आणि दोन्ही वेळा उलट्या दिशांनी चुकला, असे माझे म्हणणे आहे.

नवागतांसाठीची वसाहत-सेवा म्हणजे काय, हे आज परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना चांगले ठाऊक आहे. कॅनडात कायम वास्तव्याचा परवाना घेऊन उतरलेल्या माणसाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्था घर शोधायला, मुलांना शाळेत घालायला, आरोग्य कार्ड काढायला, अर्ज भरायला मदत करतात. १९९२ पासून तिथे नवागतांसाठी इंग्रजी-फ्रेंचचे मोफत वर्ग चालतात. जर्मनीत २००५ च्या कायद्याने एकात्मता अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या सर्वसाधारण आराखड्यात ६०० तास भाषेचे आणि १०० तास त्या देशाचा कायदा, इतिहास आणि रीतीभाती समजून घेण्याचे असतात. या सेवांचे कौतुक करताना एक तपशील सहसा सुटतो. कॅनडाच्या संघ सरकारच्या पैशाने चालणाऱ्या या सेवा माणूस नागरिक होताच त्याच्यासाठी थांबतात. अर्ज करण्याआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस, म्हणजे तीन वर्षे, तिथे राहिले की नागरिकत्वाची वाट खुली होते. म्हणजे सुरुवातीला खास मदत, मग नागरिकत्व, आणि नागरिकत्व आले की खास मदत बंद. पुढे लागेल ती मदत इतर सगळ्यांना मिळते तीच, त्याच खिडकीवर. प्रत्यक्षात तिथेही डॉक्टरांना टॅक्सी चालवावी लागते आणि भाड्याच्या घरासाठी महिनोन्‌महिने वणवण होते, त्यामुळे तो स्वर्ग नाही. पण क्रम पक्का आहे, आणि आपली तुलना त्या क्रमाशी आहे.

केशोरीच्या या मुलखाला, म्हणजे झाडीपट्टीला, हा क्रम नवा नाही. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात जंगल तोडून, तळे बांधून गाव वसवणाऱ्याला जमीन देण्याची पद्धत होती. तिला तुकूम म्हणत. कोहळी समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज उत्तरेकडून, काशीच्या बाजूने, या भागात आले आणि तळी बांधण्याच्या कसबावर इथे स्थिरावले. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते. कुठून आलात हे विचारण्यापेक्षा पाणी अडवता येते का हे विचारणे त्या राजवटीला सोयीचे होते, कारण तिला धान हवे होते आणि महसूल हवा होता. दातृत्व त्यात फारसे नव्हते. तरीही आलेल्या माणसाच्या हातात कायमचा हक्क पडत होता, आणि काही पिढ्यांत तो ‘बाहेरचा’ उरत नव्हता. आज कोहळी म्हणजे झाडीपट्टीचेच लोक. त्यांना परके म्हणण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. राज्यघटना, मंत्रालय, पुनर्वसन खाते यांतले काही नसताना हे जमले, ही बाब आधुनिक सरकारांना थोडी खजील करणारी आहे.

आता गोठणगाव. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला, त्या महिन्याच्या अखेरीस दलाई लामा भारतीय हद्दीत आले, आणि त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार तिबेटी. पहिली मदत जी असते तीच होती: आसामात मिसामारीला आणि बंगालच्या उत्तरेला बक्सा दुआरला छावण्या, शिधा, तंबू, औषधे. बारा-चौदा हजार फुटांवरून आलेली माणसे सखल प्रदेशाच्या दमट उष्म्यात आजारी पडू लागली, म्हणून हजारोंना हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर पाठवले गेले. तो काही बंदोबस्त नव्हे, ती तात्पुरती सोय होती, आणि तिनेही अनेकांचा जीव घेतला. खरा बंदोबस्त सुरू झाला तो जवाहरलाल नेहरूंनी राज्यांना जमीन मागितल्यावर. म्हैसूर राज्याचे एस. निजलिंगप्पा पुढे आले आणि १९६० पासून बैलकुप्प्याला पहिली शेती-वसाहत उभी राहू लागली. मग मैनपाट, ओरिसातील चंद्रगिरी, मुंडगोड, आणि १९७२ मध्ये महाराष्ट्रातली गोठणगावची. तिचे अधिकृत नाव नोर्ग्येलिंग. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे धरमशालेच्या निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या दप्तरात ही वसाहत अजून भंडाऱ्याचीच म्हणून ओळखली जाते. तिची लोकवस्ती हजाराच्या आसपासची.

या वसाहतींची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण भारतात नवागतांसाठी उभी राहिलेली ही बहुधा सर्वांत पूर्ण व्यवस्था असेल. जमीन सरकारची, ती वसाहतीला सामूहिक पट्ट्याने दिलेली. पहिले पीक हाती येईपर्यंत शिधा. घरे, विहिरी, बैल किंवा ट्रॅक्टर. सहकारी सोसायटी, जी बियाणे-खत आणते आणि माल विकते. शाळा, दवाखाना, मठ. मुलांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारने १९६१ मध्येच तिबेटी शाळांचे स्वतंत्र प्रशासन स्थापन केले होते. आणि या सगळ्याच्या वर एक वसाहत अधिकारी, जो निर्वासित प्रशासनाच्या गृहखात्याकडून नेमला जातो. हा अधिकारी म्हणजे या व्यवस्थेचा कणा. तहसीलदाराशी, पोलिसांशी, वीज कंपनीशी, रुग्णालयाशी बोलायला एक माणूस ठरलेला आहे. वसाहतीतल्या म्हाताऱ्याला कोणत्या खिडकीवर जायचे हे स्वतः शोधावे लागत नाही. केंद्र सरकारने २०१५-१६ पासून पाच वर्षांसाठी या कार्यालयांच्या खर्चासाठी ४० कोटी रुपयांचे अनुदान मंजूर केले, पुढे त्याला मुदतवाढही दिली. देशभरच्या पस्तीसेक कार्यालयांना वर्षाला आठ कोटी म्हणजे एका कार्यालयाच्या वाट्याला फार नव्हे, पण खर्चाच्या मानाने काम मोठे. याक आणि सातूच्या देशातून आलेल्या माणसांनी उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांना टेकणाऱ्या मुलखात रोवणी शिकावी, आणि शेती पुरेना तेव्हा हिवाळ्यात लुधियानाचे स्वेटर शहरोशहरी विकून वर्षाची भरती करावी, हे जमले ते त्यांच्या चिकाटीमुळे. पण चिकाटी सगळ्याच निर्वासितांकडे असते. तिला टेकायला जागा मिळाली, ती या रचनेमुळे.

बंगाली कॅम्पांची गोष्ट दुसऱ्या टोकाने सुरू होते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्यांचा ओघ पंजाबसारखा एका फटक्यात आला नाही. तो वीस-पंचवीस वर्षे येत राहिला. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला: ओरिसाचे कोरापुट-कालाहांडी आणि मध्य प्रदेशचे बस्तर. १९६४ च्या दंगलींनंतर आलेल्या नव्या लोंढ्याला पश्चिम बंगालमध्ये जागा नाही असे ठरले आणि रायपूरजवळच्या माना छावणीतून माणसे देशभर वाटली गेली. त्यांतली काही महाराष्ट्राच्या वाट्याला आली आणि चांदा-भंडाऱ्यात वसली. यांतले पुष्कळजण नमःशूद्र, म्हणजे नदीकाठचे शेतकरी आणि मासेमार. त्यांना जमीन मिळाली, घर मिळाले, आणि तिबेट्यांना जे आजतागायत मिळालेले नाही ते, म्हणजे नागरिकत्वही, सरकारने आणून वसवलेल्या कुटुंबांना बहुतांशी मिळाले. मतदार यादीत नाव आले, ग्रामपंचायत आली. कागदावर पाहता हा यशस्वी पुनर्वसनाचा नमुना ठरावा. पण माणसे वसवून पुनर्वसन खाते निघून गेले, आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे कुणी मागे ठेवले नाही. दंडकारण्य विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले सैबलकुमार गुप्ता यांनी १९६५ मध्येच लिहून ठेवले होते की दिलेली जमीन निकृष्ट आहे, सिंचन नाही, आणि नुसत्या वाटपाला पुनर्वसन म्हणता येणार नाही. पुढे १९७८ मध्ये दंडकारण्यातून हजारो कुटुंबे घरदार सोडून सुंदरबनाकडे निघाली, आणि १९७९ मध्ये मरिचझापी बेटावरून त्यांना पोलीस बळाने हुसकावण्यात आले. ज्यांना सरकारने जमीन दिली होती तेच लोक ती टाकून का निघाले, या प्रश्नाचे उत्तर आळसात किंवा राजकीय चिथावणीत शोधणाऱ्यांनी गुप्तांचे म्हणणे आधी वाचायला हवे.

आपल्या भागातले बंगाली तसे निघून गेले नाहीत. तलावांच्या मुलखात मासेमाराला करण्यासारखे पुष्कळ असते, आणि भाजीपाला पिकवण्यातही बंगाली शेतकऱ्याचा हात चांगला. पण मध्यस्थ कार्यालय नसल्याची किंमत त्यांनी वेगळ्या रीतीने मोजली. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. घटनेच्या ३४१व्या कलमानुसार या याद्या राज्यवार असतात. सरकारनेच ज्यांना राज्याबाहेर नेऊन वसवले, त्यांचा सामाजिक दर्जा त्या प्रवासात गळून पडला, आणि तो उचलून देणे हे कुणाचेच काम नव्हते. वाटपात मिळालेली सरकारी जमीन आपल्याकडे साधारणपणे भोगवटादार वर्ग दोनची असते. विकायला, गहाण टाकायला परवानगी लागते, आणि वारसनोंदीचे हेलपाटे पिढी बदलली की पुन्हा सुरू. घरी बंगाली आणि शाळेत मराठी या उडीसाठी पहिल्या पिढीला कुणी हात दिला नाही. हे सगळे प्रश्न सुटण्याजोगे होते. पण ते गोळा करून योग्य टेबलावर ठेवणारा एक जबाबदार माणूस हवा होता, जसा गोठणगावला होता.

मग गोठणगावची व्यवस्था आदर्श म्हणायची का? इथेच दुसरी चूक दिसते. तिथे जे नाही ते सगळे कायद्यातले आहे. भारत १९५१ च्या निर्वासित करारात सामील नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे तिबेटी माणूस कायद्याच्या नजरेने परदेशी. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याखाली तो तसा होता, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्याखालीही तसाच आहे. त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असते, ज्याला ते ‘आरसी’ म्हणतात, आणि ते ठरावीक काळाने नवे करून घ्यावे लागते. परदेशी नागरिकांची नोंदणी करणारे कार्यालय म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांचे कार्यालय. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाचे ओळखपत्र. जमीन स्वतःच्या नावावर नाही, त्यामुळे सातबारा नाही. सातबारा नसण्याचा अर्थ शहरातल्या वाचकाला कदाचित लगेच उमगणार नाही. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते, पीकविमा सातबाऱ्यावर उतरतो, हमीभावाच्या धान खरेदी केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो. धानाच्या मुलखात ज्याच्या नावाचा सातबारा नाही तो शेतकरी असून नसल्यासारखा. वसाहतीची सोसायटी आणि अधिकारी ही उणीव भरून काढायचा प्रयत्न करतात. पण मुळात ही उणीव आहे म्हणूनच त्यांची गरज पन्नास वर्षांनीही संपत नाही. केंद्राने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण आणले. त्यात जमिनीचे पट्टे वीस वर्षांसाठी करावेत, रेशन, रोजगार हमी, घरकुल अशा योजनांचा लाभ द्यावा, व्यवसायाचे परवाने द्यावेत असे राज्यांना सुचवले. चांगली पायरी. पण ते धोरण आहे, हक्क नव्हे, आणि अंमलबजावणी राज्यांच्या मर्जीवर.

नागरिकत्वाचा मुद्दा तर विलक्षण आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक ठरते. अगदी मोजके अपवाद सोडले तर आईवडील कुठले हा प्रश्न येत नाही. म्हणजे वसाहत उभी राहिल्यापासूनच्या पहिल्या पंधरा वर्षांत गोठणगावात जन्मलेले प्रत्येक मूल कायद्याने भारतीय. २२ डिसेंबर २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात हेच मान्य केले, आणि २०१६ मध्ये पुन्हा. २०१४ मध्ये निवडणूक आयोगानेही अशांची नावे मतदार यादीत घ्यायला सांगितले. पण २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टसाठी ज्या अटी सांगितल्या त्या अशा: आरसी रद्द करून घ्या, नेमलेल्या तिबेटी वसाहतीत राहत नसल्याचे लिहून द्या, निर्वासित प्रशासनाचे लाभ घेत नसल्याचे लिहून द्या. म्हणजे नागरिक व्हायचे तर घर, शेत, सोसायटी, शेजार सोडा. आणि हे सगळे हवे तर परदेशी म्हणून राहा. कॅनडात आधार आणि नागरिकत्व एकापाठोपाठ येतात. आपल्याकडे ते एकमेकांच्या बदल्यात मागितले जातात. पन्नाशीतला शेतकरी या अटीवर काय निवडेल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की तिबेट्यांनाच नागरिकत्व नको आहे. त्यांना परत जायचे आहे, आणि भारतीय झाले तर तिबेटचा प्रश्न विझेल. या आक्षेपात तथ्य होते, काही प्रमाणात आजही आहे. वेगळ्या वसाहती, वेगळ्या शाळा हा दलाई लामांचाच आग्रह होता, आणि तो योग्य होता. भाषा आणि धर्म टिकले ते त्यामुळे. पण नागरिकत्व घेतले की चळवळ संपते याला पुरावा नाही. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेचे नागरिक झालेले तिबेटी धरमशालेच्या निर्वासित संसदेच्या निवडणुकीत मतदान करतात. युरोप आणि अमेरिका खंडांसाठी त्या संसदेत राखीव जागा आहेत. निष्ठा पासपोर्टबरोबर वितळत असती तर त्या जागा केव्हाच रिकाम्या पडल्या असत्या. शिवाय धरमशालेचे प्रशासनही नागरिकत्वाचा निर्णय ज्याचा त्याच्यावर सोपवते. नको असणाऱ्याने घेऊ नये. प्रश्न ज्याला हवे आहे आणि कायद्याने ज्याचे आहेच, त्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे, कारण तो इथल्या माणसाचा आहे. गोठणगावची वसाहत उभी राहिली त्याच साली महाराष्ट्र स्वातंत्र्योत्तर काळातल्या सर्वांत भीषण दुष्काळात होता. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला १९७६ मध्ये, म्हणजे इटियाडोहसारखी धरणे बांधून झाल्यावर. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या गोंड-हलब्यांना वनहक्क कायदा मिळायला २००६ साल उजाडले. अशा जागी परदेशातून आलेल्यांना जमीन, शाळा, दवाखाना आणि वर एक अधिकारी, हे कुणाला खुपले तर त्याला कोत्या मनाचा म्हणून चालणार नाही. पण या तक्रारीतून निघणारा निष्कर्ष बहुतेकदा उलटा काढला जातो. निर्वासितांना जास्त मिळाले, हे खरे दुखणे नाही. धरणाने उठवलेल्या माणसालाही असाच एक वसाहत अधिकारी, अशीच पहिल्या पिकापर्यंतची बेगमी आणि अशीच सोसायटी मिळायला हवी होती. ती व्यवस्था सरकारला माहीत होती, जवळच चालू होती, आणि तरी तिचा उपयोग केला गेला नाही. निर्वासितांसाठी शिकलेली गोष्ट इतरांच्या कामी येऊ शकते याचा पुरावाही आहे. कर्नाटकात १९६८ साली मायराडा ही संस्था तिबेट्यांच्या पुनर्वसनासाठीच स्थापन झाली. ते काम आटोपल्यावर ती दुष्काळी खेड्यांकडे वळली. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या मोठ्या सहकारी सोसायट्या मोडू लागल्या, तेव्हा त्यांतून फुटलेल्या छोट्या विश्वासाच्या गटांना तिने बळ दिले. नाबार्डने आधी त्या प्रयोगाला पैसा पुरवला आणि १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली. आज महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांत बायकांचा जो बचत गट भरतो, त्याच्या वंशावळीत तिबेटी वसाहतींचे काम करणारी एक संस्था आहे. मला हा दुवा फार बोलका वाटतो, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे येत नाही याचे नवलही वाटते.

सुरक्षेचा तिसरा आक्षेप थोडक्यात आटपता येईल. चीनच्या सीमेचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून तिबेट्यांची नोंद असावी, हे मान्य. पण पन्नास वर्षे एकाच गावात राहणाऱ्या, ज्याचा प्रत्येक कागद सरकारकडे आहे अशा माणसाची ओळख पटवण्यासाठी त्याला कायम परदेशी ठेवण्याची गरज नसते. उलट ज्याच्या नावे जमीन, कर्ज आणि मत असते, त्याचा ठावठिकाणा सरकारला जास्त पक्का माहीत असतो.

आणि या सगळ्याचा परिणाम मोजता येतो. २००९ च्या तिबेटी लोकसंख्या पाहणीत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. त्यानंतरच्या वर्षांत हा आकडा सतत घसरतो आहे. तिबेटमधून येणारे जवळपास थांबले आणि इथले तरुण बाहेर जाऊ लागले. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एक हजार तिबेट्यांना प्रवेश दिला होता. कॅनडाने अरुणाचल प्रदेशातून हजारेक तिबेट्यांना २०१३ पासूनच्या काही वर्षांत नेऊन वसवले. टोरांटोच्या पार्कडेल भागात आज तिबेट्यांची मोठी वस्ती आहे. भारतातल्या वसाहतीत जन्मलेला, हिंदी आणि तिथली स्थानिक भाषा बोलणारा तरुण तिथे पोहोचतो तेव्हा त्याला भाषेचा वर्ग मिळतो, सल्लागार मिळतो, आणि काही वर्षांत पासपोर्ट. जिथे तो जन्मला तिथे त्याच्या वडिलांची आरसी अजून नवी करून घ्यावी लागते. २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली, तिने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या काही धर्मीयांसाठी वाट काढली. तिबेट त्यात नाही.

दिल्लीने कायदा बदलेपर्यंत तालुक्याला हात बांधून बसायचे कारण नाही. वसाहतीच्या सामूहिक पट्ट्याच्या आधारे कसणाऱ्याचे नाव लावून धान खरेदीची आणि पीकविम्याची नोंद स्वीकारता येईल असा आदेश राज्य सरकार काढू शकते. २०१४ च्या धोरणाचा रोख तिकडेच आहे. आरसी नूतनीकरणासाठी वर्षातून ठरलेल्या दिवशी गोठणगावलाच शिबिर लावता येते. १९८७ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या जन्मनोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरातून काढून प्रमाणित करून ठेवणे हे तर पूर्णपणे स्थानिक काम आहे, आणि जुने कागद वाळवीच्या तोंडी जाण्याआधी ते व्हायला हवे. बंगाली गावांसाठी उलट बाजूने सुरुवात करावी लागेल: भोगवट्याचे प्रलंबित प्रश्न, वारसनोंदी, नमःशूद्रांच्या दाखल्यांचा राज्याकडे पाठपुरावा, या साऱ्यांसाठी तहसील कार्यालयात नाव लावून नेमलेला एक माणूस, ज्याच्या बदलीबरोबर फायली हरवणार नाहीत. तिबेट्यांच्या वसाहत अधिकाऱ्याने पाच दशके हेच काम केले आहे, आणि ते कसे करायचे हे विचारायला अर्जुनीहून गोठणगावला जावे लागते, फार तर तेवढेच.